हौसेला मोल नाहीं, पण क्रम आहे

एकत्र कुटुंबांत खर्चाचे प्रकार दोन. धान्य, औषधपाणी, मुलांची फी हे खर्च कोणी कोणास विचारून करीत नाहीं, ते व्हावयाचेच. दुसरा प्रकार हौसेचा. तेथें एकाची हौस ती दुसऱ्यास उधळपट्टी वाटते, आणि घरांतील माणसें समोरासमोर न बोलतां तिसऱ्याच्या तोंडून आपलें म्हणणें पोंचवूं लागतात. असा तिसरा होण्याचा मान गेल्या महिन्यांत आमच्या वांट्यास आला आहे, आणि ज्या प्रश्नासाठीं आला तो पुष्कळ घरांस उपयोगी पडण्याजोगा असल्यामुळें त्याचें उत्तर आम्ही येथेंच जाहीर रीतीनें देत आहों.

आमच्या हाताखालीं शिकून गेलेले दोघे बंधु. थोरले पुण्यास वडिलार्जित घरांत राहतात. धाकटे गेलीं वीस वर्षें स्कॉटलंडांत ग्लासगो शहरीं नोकरीस आहेत व आतां कायमचे स्वदेशीं परत येणार आहेत. धाकट्यांजवळ ध्वनिमुद्रिका वाजविण्याचें एक नामांकित यंत्र आहे. त्याचें नांव 'लिन सोंडेक एल.पी. 12', घडण 1985 च्या सुमाराची. सामायिक शिलकेंतून आपल्या वांट्यास येणारी रक्कम खर्चून या यंत्राचे जुने भाग काढावे, अधिक चांगले बसवावे, सोबतीला लागणारें सामान घ्यावें, आणि मग तें घरीं आणावें, असा त्यांचा मानस. थोरले म्हणतात कीं, चालत्या यंत्रावर इतका पैसा ओतणें म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. घरीं वडिलांनीं जमविलेल्या साठसत्तर एल.पी. तबकड्या आहेत, शिवाय मातोश्रींच्या माहेराहून आलेल्या लाखेच्या जुन्या दहाबारा. थोरल्यांच्या पत्रास एक ताजा कलम होता: "गुरुजी, आईचें वय आतां 84. हिराबाई बडोदेकरांच्या तिच्या रेकॉर्डी पुन्हां एकदां ऐकाव्या असें ती म्हणते. त्या या यंत्रावर लागतील ना?" या ताज्या कलमाचा विचार ओघानें येईलच.

प्रथम यंत्राची कुळकथा सांगितली पाहिजे. ग्लासगोचे आयव्हर टीफेनब्रुन यांनीं 1973 सालीं लिन ही पेढी स्थापन केली. यंत्रांचे भाग अचूक कातून देणारा त्यांच्या वडिलांचा कारखाना होता. त्या कौशल्याचा लाभ या यंत्रास मिळाला. त्या काळीं सर्वसाधारण समजूत अशी होती कीं, नादाचा बरेवाईटपणा मुख्यतः लाउडस्पीकरवर अवलंबून. तबकडी फिरविणारें यंत्र काय, ठरल्या गतीनें फिरलें म्हणजे झालें. टीफेनब्रुन यांचा आग्रह नेमका याच्या उलट होता. तबकडीवरून जें उचललेंच गेलें नाहीं, तें पुढील कोणत्याही यंत्रास निर्माण करतां येणार नाहीं. म्हणून सुधारणा उगमापासून करीत यावें, असें ते म्हणत. विहिरीचें पाणी गढूळ असेल तर घागर चांदीची आणून काय उपयोग, हें आपल्याकडील कोणत्याही गृहिणीस सांगावें लागत नाहीं.

यंत्राची रचना साधी आहे. लांकडी चौकटीच्या आंत तीन स्प्रिंगांवर तरंगणारा एक सांगाडा असतो. फिरती थाळी आणि सुई धरणारा आर्म हे दोन्ही भाग त्या सांगाड्यावर बसविलेले. मोटर मात्र वेगळी, बाहेरच्या चौकटीस जखडलेली. मोटरीची गति एका रबरी पट्ट्यानें थाळीस पोंचते. त्यामुळें मोटरीची थरथर आणि घरांतील पावलांचे धक्के सांगाड्यापर्यंत फारसे जात नाहींत, आणि थाळी व सुई यांचा परस्परसंबंध ढळत नाहीं.

ही मूळ रचना गेलीं 50 वर्षें कायम आहे. अवयव मात्र एकामागून एक बदलत गेले. 1979 सालीं 'इटॉक' नांवाचा आर्म आला. 1982 सालीं मोटरीस स्फटिकाच्या साह्यानें स्थिर कंपनांची वीज देणारें 'वाल्हाला' मंडल आलें. 1987 सालीं 'एकॉस' आर्म. 1990 सालीं निराळ्या पेटींतील 'लिन्गो' हा वीजपुरवठा. 1993 सालीं 'सर्कस' बेअरिंग. 2006 सालीं ॲल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यांतून कोरून काढलेला 'कील' सांगाडा. 2009 सालीं 'रॅडिकल' मोटर व तिचा पुरवठा. आणि 2020 सालीं 'कॅरोसेल' बेअरिंग. नवा भाग जुन्या यंत्रासही बसावा, अशी दृष्टि पेढीनें पहिल्यापासून ठेविली आहे. 2023 सालीं पन्नाशीनिमित्त अवघीं 250 यंत्रें एका विशेष घाटाचीं काढलीं. त्या प्रत्येकाची किंमत 50,000 पौंड होती. हा आंकडा वाचून थोरल्या बंधूंनीं घाबरूं नये. धाकट्यांस तें घ्यावयाचें नाहीं. आणि या यंत्राचें खरें वैशिष्ट्य किंमतींत नसून, जुनें न टाकतां तें अंगाअंगानें सुधारतां येतें यांत आहे.

'मग सगळे अवयव बदलल्यावर जुनें तें काय उरलें?' असा प्रश्न थोरल्यांनीं विचारला आहे. असाच प्रश्न भिक्षु नागसेनांनीं राजा मिलिंदास रथाविषयीं टाकला होता, हें 'मिलिंदप्रश्न' वाचणारांस ठाऊक असेल. चाकें, आंस, जूं यांपैकीं कोणतेंही एक घेतलें तर तो रथ नव्हे. जुळणीस रथ हें नांव. आमच्या घरांतल्या पितळी पातेल्यास दर वर्षीं कल्हई होते, दोनदां कडा बदलल्या, एकदां बूड घातलें; तरी तें आजीचें पातेलें म्हणूनच ओळखलें जातें. तेव्हां भाग बदलणें हा दोष नव्हे. प्रश्न एवढाच कीं, कोणता भाग, कोणत्या क्रमानें, आणि कोठें थांबावयाचें.

हा क्रम समजण्यासाठीं सुईच्या टोकाशीं काय घडतें तें पाहिलें पाहिजे. एल.पी. तबकडी 1948 सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें बाजारांत आणली. ती मिनिटास 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास 1.8 सेकंद लागतात. सुई बाहेरच्या कडेस असतां तिच्याखालून दर सेकंदास सुमारें 51 सेंटिमीटर खाच सरकते. अगदीं आंतल्या फेऱ्यांत तीच 21 सेंटिमीटर होते. वीस मिनिटांच्या एका बाजूवर खाचेची लांबी 400 मीटरांहून अधिक भरते. सेकंदास 10,000 कंपनें असणाऱ्या स्वराची एक लाट बाहेरच्या कडेस मिलिमीटराच्या विसाव्या भागाएवढी असते, आंतल्या फेऱ्यांत पन्नासाव्या भागाएवढी. इतक्या सूक्ष्म लाटांच्या दोन भिंती चाचपीत हिऱ्याचा एक कण धांवत असतो. त्याच्यावरील भार दोन ग्रॅमच्या आसपासच. परंतु स्पर्शाची जागा इतकी अल्प कीं, तेथील दाब फार मोठा होतो. हा कण ज्या दांडीच्या टोकास असतो तिच्या हालचालीपासून कार्ट्रिज वीज उत्पन्न करतें, आणि ती पुढें अनेक पटींनीं वाढवून आपणांस गाणें ऐकूं येतें.

यावरून पहिला नियम निघतो. सर्वांत आधीं पैसा सुईवर खर्च करावा, मग ती साधी कां असेना. हिऱ्याच्या सुईचें आयुष्य तिच्या घडणीप्रमाणें सामान्यतः 500 ते 1000 तासांचें धरतात. रोज एक तास ऐकणाऱ्या घरांत तें दीड ते पावणेतीन वर्षांत संपतें. झिजलेल्या सुईस कडा येतात, व त्या कडा खाचेच्या भिंती खरवडतात. त्यांत वाईट असें कीं, आवाज एकदम बिघडत नाहीं. दिवसेंदिवस थोडथोडा बिघडत जातो व कान त्यास सरावतो. बिघाड ध्यानांत येईपर्यंत कित्येक तबकड्यांचें नुकसान होऊन गेलेलें असतें. यंत्र पैसे देऊन पुन्हां मिळेल; वडिलांनीं जमविलेल्या ज्या तबकड्या आतां कोणी छापीत नाहीं, त्यांची खाच एकदां खरवडली कीं ती पुन्हां मिळणार नाहीं. धाकट्यांनीं आपल्या पत्रांत आर्म, मोटर, वीजपुरवठा या सर्वांच्या किंमती लिहिल्या आहेत. सुई किती तास चालली आहे तें लिहिलेलें नाहीं. आमचा त्यांस पहिला प्रश्न हाच आहे.

दुसरा नियम स्वच्छतेचा. खाचेंतील धूळ सुईच्या दाबाखालीं भिंतींत रुतून बसते. प्रत्येक वेळीं तबकडी लावण्यापूर्वीं कार्बन तंतूंच्या मऊ ब्रशानें ती पुसावी. सुई मागून पुढें या एकाच दिशेनें हलक्या हातानें झाडावी. वर्षांनुवर्षें माळ्यावर पडलेल्या तबकड्या एकदां ओल्या पद्धतीनें धुवाव्या आणि धुतलेलें पाणी निर्वातयंत्रानें ओढून घ्यावें. नळाचें क्षारयुक्त पाणी शेवटच्या धुण्यास वापरूं नये, ऊर्ध्वपातित पाणी वापरावें. धुतलेली तबकडी जुन्या मळक्या कागदांत पुन्हां घालूं नये; नवीं आंतलीं पाकिटें आणावीं. हें सर्व साहित्य सोबतीच्या सामानांत मोडतें, आणि रुपयामागें लाभ पाहिला तर यासारखें दुसरें सामान नाहीं.

तिसरा नियम जुळणीचा. थाळी पाणसळीनें अगदीं समपातळींत हवी. सुईवरील भार तराजूनें मोजून कार्ट्रिजच्या निर्मात्यानें सांगितला तितकाच हवा. भार कमी ठेवला म्हणजे तबकडी वांचते, हा पुष्कळांचा समज चुकीचा आहे. कमी भाराची सुई खाचेंत ठरत नाहीं, उसळते, आणि उसळणारी सुई भिंतींस अधिक इजा करते. खिळीवर वळणारा आर्म खाचेशीं अचूक समांतर असा तबकडीवरील दोनच ठिकाणीं असूं शकतो; बाकी सर्वत्र थोडा कोन राहतोच. तीं दोन ठिकाणें योग्य जागीं यावीं म्हणून कार्ट्रिज मापपट्टीनें बसवावें लागतें. या यंत्राच्या बाबतींत आणखी एक गोष्ट: तीन स्प्रिंगा अशा जुळलेल्या हव्या कीं, सांगाडा दाबून सोडला असतां सरळ खालींवर हलावा, तिरपा डुलूं नये. हें काम शिकलेल्या माणसाचें आहे. सोनारानेंच कान टोचावे.

यास लागून धाकट्यांस एक व्यावहारिक सूचना. यंत्र पुण्यास आणतांना दोन्ही थाळ्या काढून निराळ्या बांधाव्या लागतील, आर्मचें वजन काढावें लागेल, आणि प्रवासांत स्प्रिंगांची जुळणी राहणार नाहीं. म्हणून जे भाग तेथील जाणकारानेंच बसवावयाचे ते तेथें बसवून घ्यावे. परंतु शेवटच्या बारीक जुळणीचा खर्च तेथें करूं नये. ती येथें आल्यावर पुन्हां करावीच लागेल. तेथील व येथील वीज दोन्हीकडे सेकंदास 50 आवर्तनांची असल्यामुळें मोटर त्या कारणासाठीं बदलण्याची गरज नाहीं.

इतकें झाल्यावर यंत्राच्या अवयवांकडे वळावें. आमच्या मतें येथें पहिला मान बेअरिंगचा. थाळी ज्या एका टोंकावर तेलांत फिरते, तेथला खडखडाट सरळ थाळींत, थाळींतून तबकडींत व तबकडींतून सुईंत जातो. सुईस गाण्याचें कंपन कोणतें आणि बेअरिंगचें कोणतें हें कळत नाहीं. ती दोन्हींची वीज करते. चाळीस वर्षांच्या यंत्रांत बेअरिंग नवें बसविणें ही हौस नसून डागडुजी आहे. त्यानंतर सांगाडा. आर्मचें बूड आणि थाळीचें बेअरिंग यांमधील अंतर रेसभरही हलूं नये, म्हणून सांगाडा जितका ताठ तितका बरा. या दोहोंचा लाभ पुढें कोणताही आर्म व कोणतेंही कार्ट्रिज घेतलें तरी टिकून राहतो.

मग गति. येथें आपल्या संगीताचा विचार युरोपियनांहून थोडा निराळा करावा लागतो. गति एक टक्क्यानें वाढली तर सर्व स्वर सुमारें 17 सेंट चढतात; 100 सेंट म्हणजे पियानोवरील लागोपाठच्या दोन पट्ट्यांतील अंतर. आधुनिक संगीतशास्त्रज्ञ प्रमाणश्रुति बहुधा 81 : 80 या गुणोत्तराची, म्हणजे सुमारें 21.5 सेंटांची मानतात. म्हणजे अवघा सव्वा टक्का गति चुकली कीं सबंध मैफल एका प्रमाणश्रुतीनें चढली किंवा उतरली. तरीही सबंध मैफल एकदम चढली तर स्वरांचीं आपसांतील अंतरें कायम राहतात व पुष्कळांस ती चूक कळतही नाहीं. कळतें तें गतीचें डुलणें. पियानोचा स्वर उमटतांच विरूं लागतो. तेथें थोडें डुलणें लपतें. तंबोरा मात्र अखंड असतो. त्याचा षड्ज एका फेऱ्यांत पुढेंमागें झाला कीं शिकलेला कान तत्काळ अस्वस्थ होतो. म्हणून यंत्र पारखण्यास मोठमोठे वाद्यवृंद लावीत बसण्याचें कारण नाहीं. विलंबित ख्यालाचा आरंभ लावावा, गवई श्वास घेत असतां मागें राहिलेला तंबोरा ऐकावा. गतीचा निवाडा तेथेंच होतो.

धाकट्यांच्या यंत्रांत 'वाल्हाला' मंडल आहे. तें आपलीं 50 आवर्तनें स्फटिकावरून घेतें, सबब बाहेरच्या विजेच्या चढउताराची त्यास फारशी बाधा नाहीं. परंतु कोणत्याही विद्युत्-मंडलांतील कॅपॅसिटर इतक्या वर्षांनीं सुकतात. ते तपासून बदलून घ्यावे. नवे वीजपुरवठे थाळीची गति स्वतः मोजून ती सांवरतात, हा त्यांचा खरा गुण. तो घ्यावा कीं न घ्यावा, याचा निर्णय वरील तंबोऱ्याच्या परीक्षेनंतर करावा, आधीं नव्हे. आणि हेंही ध्यानांत असावें कीं, कित्येक तबकड्यांचें मधलें भोंकच मध्यापासून सरकलेलें असतें. तें अर्धा मिलिमीटर सरकलें तर तबकडीच्या मध्यभागाजवळच्या खाचांत प्रत्येक फेऱ्यास अर्धा टक्का चढ व अर्धा टक्का उतार होतो. हा छापणाऱ्याचा दोष आहे. नव्या मोटरीनें किंवा बेअरिंगनें तो जात नाहीं.

त्यानंतर आर्म आणि सर्वांत शेवटीं भारी कार्ट्रिज. बाजारांत क्रम उलटा चालतो, कारण कार्ट्रिज बदलणें सर्वांत सोपें व त्याची जाहिरात सर्वांत आकर्षक. परंतु आर्मचें वजन आणि सुईच्या दांडीची लवचीकता यांचा मेळ बसावा लागतो. दोहोंचें मिळून जें स्वाभाविक कंपन होतें तें सेकंदास 8 ते 12 च्या दरम्यान असलें म्हणजे ठीक. त्याहून खालीं गेलें तर वांकड्या तबकडीच्या हेलकाव्यांनीं आर्म डोलूं लागतो, वर गेलें तर तें गाण्याच्या खर्जांत शिरतें. मेळ न पाहतां सामान्य आर्मवर भारी कार्ट्रिज चढविणें म्हणजे नाकापेक्षां मोती जड.

येथें गृहस्थी दृष्टीनें आणखी एक भेद सांगतों. ज्या कार्ट्रिजांत चुंबक हलतें त्यांचा विद्युद्दाब 3 ते 5 मिलिव्होल्ट असतो, आणि झिजलेली सुई बहुधा घरच्या घरीं उपसून नवी बसवितां येते. ज्यांत वेटोळें हलतें त्यांचा दाब 0.2 ते 0.5 मिलिव्होल्ट, त्यांस अधिक शक्तीचा व अधिक शांत फोनो-वर्धक लागतो, आणि सुई झिजली कीं बहुधा सबंध कार्ट्रिज निर्मात्याकडे पाठवावें लागतें. नाद सूक्ष्म येतो, यांत शंका नाहीं. परंतु ज्या घरांत सर्व वयाचीं माणसें यंत्र हाताळणार, तेथें पहिला प्रकार अधिक सोईचा. महाग सुई मोडेल या भीतीनें मुलांनीं यंत्रास हात लावूं नये असें ठरलें, तर तें यंत्र घराचें राहत नाहीं, एकट्याचें होतें.

राहिलें इतर सामान. स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या यंत्रास हलकें, ताठ मेज किंवा भिंतींत ठोकलेली फळी उत्तम. शहाबादी फरशीच्या तळमजल्यावर फारशी अडचण नाहीं. परंतु जुन्या वाड्यांतील लांकडी तक्तपोशीच्या माडीवर कोणी चाललें तरी सुई उडते, तेथें भिंतीवरील फळीस पर्याय नाहीं. हा खर्च सुताराचा आहे, विलायती पेढीचा नव्हे. तबकडीवर ठेवावयाचीं जड वजनें कित्येक यंत्रांस चालतात. या यंत्राच्या स्प्रिंगा ठराविक भारासाठीं जुळलेल्या असल्यामुळें येथें तीं जुळणी बिघडवितात. थाळीवर पेढी साधी बनातीची चकती देते; ती पुरे. तारांविषयीं इतकेंच कीं, त्या चांगल्या जोडलेल्या व आवरण शाबूत असलेल्या असाव्या, विजेची गुणगुण येऊं नये. त्याहून अधिक द्रव्य तारांत घालणाऱ्यानें आधीं पुढील परीक्षा करावी.

ती परीक्षा अशी. पैसा खर्च केला कीं सुधारणा ऐकूं येऊं लागते. हा मनाचा धर्म आहे आणि त्यास विद्वान् व अडाणी दोघेही सारखेच वश. म्हणून प्रत्येक बदलापूर्वीं एकच तबकडी, तीच बाजू, संगणकावर मुद्रित करून ठेवावी, व बदलानंतर पुन्हां मुद्रित करावी. दोन्हींचा आवाज एकाच पातळीचा करावा, कारण जो किंचित् मोठा तोच कानास चांगला वाटतो. मग घरांतील एखाद्या मुलानें, कोणतें आधींचें व कोणतें नंतरचें हें न सांगतां, तीं दहाबारा वेळां आलटूनपालटून लावावीं. ओळखतां आलें तर बदल खरा. न आलें तर तो भाग परत करावा. एकत्र कुटुंबांत या कामीं परीक्षकांची वाण नसते. लहान मुलांस 20,000 कंपनांपर्यंतचे स्वर ऐकूं येऊं शकतात. साठी उलटलेल्या आम्हां पुष्कळांस दहाबारा हजारांच्या पलीकडे शांतताच असते. तेव्हां तारस्वरांच्या नाजुकपणासाठीं किती खर्चावें, हें ठरवितांना कोणाच्या कानांसाठीं तो खर्च आहे हेंही विचारावें.

आतां मातोश्रींचा प्रश्न. त्याचें उत्तर स्पष्ट आहे: हिराबाईंच्या त्या तबकड्या या यंत्रावर लागणार नाहींत. एल.पी. 12 ची गति 33⅓ आणि 45. जुन्या लाखेच्या तबकड्यांस मिनिटास 78 फेरे लागतात. त्यांची खाच रुंद असते व सुईचें टोंक एल.पी.च्या सुईच्या सुमारें चौपट जाड लागतें, एल.पी.ची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशीं जाऊन धूळ उपसते. कितीही भारी बेअरिंग घातलें, कितीही उंची आर्म लावला, तरी त्या घरांतील सर्वांत जुनें व सर्वांत जिव्हाळ्याचें गाणें त्या यंत्रांतून निघणार नाहीं. दोघां बंधूंच्या सबंध वादांत ही गोष्ट कोणाच्याच ध्यानांत आली नव्हती.

यासाठीं 78 ची गति असलेलें, ती थोडी कमीजास्त करतां येणारें एक साधें यंत्र आणि त्यास जाड सुईचें निराळें कार्ट्रिज घ्यावें. गति कमीजास्त व्हावी अशासाठीं कीं, त्या काळीं सर्वच तबकड्या बरोबर 78 वर मुद्रित होत नसत. मातोश्रींच्या आठवणींतील सुरावर ती आणून ठेवावी. त्या तबकड्या धुतांना स्पिरिट किंवा मद्यार्क अजिबात लावूं नये. लाख त्यांत विरघळते. त्या ठिसूळ असतात, म्हणून एकदां काळजीपूर्वक वाजवून संगणकावर उतरवून घ्याव्या आणि मग मातोश्रींस हव्या तितक्या वेळां ती प्रत ऐकवावी. साडेतीन मिनिटांत एक राग उभा करण्याची ती विद्या नातवंडांच्याही कानांवर पडेल.

तेव्हां दोघांसही आमचा सल्ला एकच. रकमेचा पहिला भाग 78 च्या यंत्रावर व तबकड्या धुण्यावर घालावा, आणि तें काम धाकट्यांच्या परत येण्याची वाट न पाहतां थोरल्यांनीं या महिन्यांतच हातीं घ्यावें. 84 वर्षांच्या माणसाच्या बाबतींत 'पुढें बघूं' हा शब्द नसावा. दुसऱ्या भागांत एल.पी. 12 ला नवी सुई, नवें बेअरिंग, मंडलाची दुरुस्ती आणि येथील जुळणी. येथवरचा खर्च उधळपट्टी नव्हे, हें थोरल्यांनीं मान्य करावें. उरलेलें एक वर्ष तसेंच ठेवावें. वर्षभर ऐकून, तंबोऱ्याची व मुलांची परीक्षा घेऊन, मग सांगाडा किंवा आर्म यांचा विचार करावा. अवयव एकेक बदलतां येतात, हाच ज्या यंत्राचा गुण, त्याचे सर्व अवयव एकदम बदलण्याची घाई धाकट्यांनीं करूं नये.

ज्या वाचकांच्या घरीं इतकें उंची यंत्र नाहीं त्यांसही यांतील पूर्वार्ध लागू आहे. यंत्र कोणत्याही पेढीचें असो, सुई कधीं बदलली तें एका कागदावर लिहून झांकणाच्या आंत चिकटवावें, व रोजचे तास अंदाजें मांडीत जावे. तारीख आठवत नसेल तर नवी सुई येईपर्यंत वडीलधाऱ्यांच्या तबकड्या लावूं नयेत.